२५ टनी लोखंडी कांदा चाळ: चार उन्हाळे वापरून लिहितोय

पहिल्यांदाच सांगून टाकतो, कांदा साठवायची चाळ ही वस्तू वाईट नाही. बनवणाऱ्याने आमची वाईट बनवली आणि मी चार गोष्टी न विचारता बनवून घेतली, हा भाग वेगळा. दर फेब्रुवारीत गावातलं कोणीतरी विचारतंच की "चाळ केली ते परवडलं का रे", आणि मी दरवर्षी वेगळं उत्तर देतो, कारण दरवर्षी उत्तर वेगळंच असतं. २०२४ ला विचारलं असतं तर म्हटलो असतो उद्याच्या उद्या पाया खोद. २०२५ च्या ऑक्टोबरात एकाने विचारलं तेव्हा मी काही बोललोच नाही, नुसतं त्याला चाळीजवळ नेलं, खाली वाकून बघ म्हटलं, खाली काळं पाणी गळत होतं आणि वासाने तो नाकाला रुमाल लावून मागे सरकला.

आधी वस्तू काय आहे ते. दोन पाखी चाळ, ४० फूट लांब, दोन्ही बाजूला ४-४ फूट रुंदीचे कप्पे, मधे ५ फुटाची गल्ली, कांदा भरायचा उंचीला ५ फूट. ४० गुणिले ४ गुणिले ५, असे दोन, म्हणजे १६०० घनफूट, आणि कांदा घनफुटाला साधारण १५-१६ किलो बसतो, म्हणून तिला २५ टनी म्हणतात. लोखंडी अँगलचा सांगाडा, वर पत्रा, तळाला आणि बाजूला जाळी. २०२२ च्या फेब्रुवारी-मार्चमधे उभी राहिली. पाया, मुरूम, गाडीभाडं सगळं धरून २ लाख ७२ हजार लागले. अनुदान तेव्हा टनाला ३,५०० होतं, म्हणजे २५ टनाला ८७,५००, ते खात्यावर आलं पण आलं तोपर्यंत पहिल्या वर्षीचा कांदा विकून झाला होता. खिशातून गेले १ लाख ८४ हजार ५००. हा आकडा लक्षात ठेवा, शेवटी लागणारे.

अनुदानाचं एकच सांगतो, महाडीबीटीवर (सरकारी योजनांचं पोर्टल) अर्ज केला, निवड झाली, तरी पूर्वसंमतीचं पत्र हातात आल्याशिवाय खड्डा पण खोदू नका, आणि बिल जीएसटीचंच घ्या. आमच्या शेजारच्याने हौसेने आधीच चाळ बांधली आणि मग अर्ज केला, त्याला काहीच मिळालं नाही.

आता तक्रारी. बनवणाऱ्याचं नाव घेत नाही, तालुक्याचाच आहे, रोज तोंड बघावं लागतं. कोटेशनमधे सिमेंटचे पत्रे लिहिलेले, आला लोखंडी पत्रा घेऊन, म्हणे सिमेंटचा माल शॉर्ट आहे, हा जास्त टिकतो. पत्रा टिकतो हो, खालचा कांदा टिकत नाही ना. एप्रिल-मे मधे दुपारी दोन वाजता वरच्या थरात हात घातला तर भाजल्यासारखं होतं, आणि वरचा कांदा वाळून त्याची पत्ती (वरचं साल) सुटते, वजन जातं. दुसऱ्या वर्षापासून मी पत्र्यावर उसाचं पाचट अंथरून वरून जुनं ठिबकचं पाईप बांधतो, तेवढ्याने बराच फरक पडला. दुसरं म्हणजे वळचण. वळचण किमान ३ फूट बाहेर पाहिजे, याने दिली दीड फूट. आमच्याकडे जुलैत पाऊस सरळ पडत नाही, वाऱ्यासकट तिरपा येतो, बाहेरच्या बाजूचा हातभर कांदा भिजतो आणि तिथूनच काजळी (काळी बुरशी) सुरू होते. ताडपत्री सोडावी तर हवा बंद, उचलावी तर पाऊस आत, पूर्ण पावसाळा हाच उद्योग, रात्री बारा वाजता बॅटरी घेऊन ताडपत्री वर कर खाली कर. तिसरं, जमिनीपासून तळ दीड-दोन फूट उंच पाहिजे, खालून हवा खेळायला, याने जेमतेम एक फूट दिला. आणि चौथं, तळाला जाळी ठोकली. बांबूच्या पट्ट्या सांगितल्या होत्या. पाच फुटाचं वजन वर पडल्यावर जाळीची तार कांद्यात रुतते, सगळ्यात खालचा थर दरवर्षी चोपडा (हलक्या प्रतीचा) म्हणून जातो.

माझी स्वतःची चूक, दोन पाखी चाळ पूर्व-पश्चिम लांब करायची असते, मी बांध आणि विहीर सांभाळायला दक्षिणोत्तर केली. त्याचं खापर त्याच्यावर फोडत नाही.

बरं, हे झालं लोखंडाचं. पण चाळीचा रिव्ह्यू लोखंडावर होत नाही, पट्टीवर (विक्रीच्या पावतीवर) होतो. म्हणून चारही वर्षांचा हिशोब जसाच्या तसा टाकतोय, वहीत लिहिलेला आहे. मला अडीच एकर उन्हाळ कांदा असतो, एकरी ११० क्विंटलच्या आसपास निघतो (गावात लोक १५० सांगतात, सांगू देत). गोल्टी (बारीक), जोड, डेंगळ्याचा (फुलाचा दांडा आलेला) असा सगळा बाजूला काढून विकला की २२५ ते २४० क्विंटल चाळीत जाण्यासारखा राहतो.

२०२२. मे मधे क्विंटलला भाव ९५० होता, म्हटलं आता चाळ आहे, कशाला विकायचा. २४० क्विंटल भरला. जून गेला, जुलै गेला, भाव हजाराच्या आसपासच घुटमळत राहिला. शेवटी सप्टेंबर-ऑक्टोबरमधे काढला, भरला २४०, काट्यावर भरलं १६५, सरासरी १२५० मिळाला. म्हणजे २ लाख ६ हजार. मे मधेच विकला असता तर २ लाख २८ हजार झाले असते. भाव ३०० ने वाढून सुद्धा २२ हजाराचा तोटा, हे आईला समजावून सांगताना माझी मलाच लाज वाटली. त्या वर्षी ३१ टक्के घट आली त्यात निम्मा दोष माझा, लागवडीनंतर ७५ व्या दिवशी शेजाऱ्याचं बघून युरिया टाकला होता. कांदा फुगला मस्त, दिसायला एक नंबर, पण मान जाड राहिली आणि जाड मानेचा कांदा चाळीत टिकत नाही. साठ दिवसांनंतर नत्र द्यायचं नाही हे पाठ होतं, तरी दिलं.

२०२३. एप्रिलमधे अवकाळी आणि गारा. कांदा काढून पडलेला होता तोच भिजला. निवडून निवडून १३० क्विंटल भरला, भाव तेव्हा ७०० होता. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात वास यायला लागला म्हणून घाबरून सगळा काढला, काट्यावर ८४ क्विंटल भरला, १९०० ने गेला, १ लाख ५९ हजार ६००. आणि आठवड्याने, १९ ऑगस्टला, केंद्राने ४० टक्के निर्यात शुल्क लावलं, लिलाव बंद पडले, सगळीकडे बोंबाबोंब. मला लोक म्हणाले तुला आधीच कसं कळलं. मला काय कळणारे, मला वास आला होता. पण गंमत बघा, त्याच ऑक्टोबरच्या शेवटी भाव साडेतीन-चार हजाराच्या वर गेला, मग २८ तारखेला टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य लावलं आणि ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद केली.

२०२४. हे वर्ष चाळवाल्यांचं. ४ मे च्या सुमारास निर्यात उघडली, ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून, भाव १३०० ला होता. २२५ क्विंटल भरला आणि यावेळी डोकं लावून तीन लॉटमधे काढला. जूनअखेर ६२ क्विंटल २५०० ने, ऑगस्टमधे ५८ क्विंटल ३००० ने, सप्टेंबरमधे ५० क्विंटल ४००० ने. एकूण ५ लाख २९ हजार. मे मधे विकला असता तर २ लाख ९२ हजार. मधे मधे काढल्यामुळे घट पण २४ टक्क्यांवर आली, आणि ढीग कमी झाला की उरलेल्याला हवा चांगली लागते हा फायदा वेगळाच.

२०२५. मे मधेच पाऊस सुरू झाला, पाऊस थांबेचना, निम्म्या लोकांचा कांदा शेतातच सडला. माझा वाचला असं वाटलं होतं. २३० क्विंटल भरला, भाव ११५०. म्हटलं शेतात एवढं नुकसान झालंय म्हणजे दिवाळीला भाव नक्की. सगळ्यांनीच तसं म्हटलं होतं. १ एप्रिलपासून निर्यात शुल्क पण काढलेलं होतं. पण बांगलादेशने हात आखडता घेतला, आणि चाळी आता फक्त आपल्याकडे राहिल्यात का, मध्य प्रदेशात पण झाल्यात. ऑगस्टमधे ८५ क्विंटल १३०० ने, ऑक्टोबरमधे ६५ क्विंटल ९०० ने. १ लाख ६९ हजार. मे मधे २ लाख ६४ हजार होत होते. ९५ हजार साफ.

चारही वर्षांची बेरीज-वजाबाकी केली तर मे मधे विकण्यापेक्षा चाळीने मला जास्तीचे मिळवून दिले साधारण १ लाख ८८ हजार. त्यातून भरणे, मधेच निवडणे, परत भरणे याची मजुरी वर्षाला १४ हजाराच्या आसपास, म्हणजे चार वर्षांचे ५६ हजार वजा. राहिले १ लाख ३२ हजार. आणि खिशातून गेले होते १ लाख ८४ हजार ५००. म्हणजे चार वर्षांनंतर अजून ५२-५३ हजार वसूल व्हायचे आहेत, व्याज न धरता. आणि मोठी कमाई एकट्या २०२४ ची आहे, ते एक वर्ष काढून टाकलं तर चाळ शुद्ध तोट्यात. सांगाडा अजून पंधरा वर्षं हलत नाही म्हणा, त्यात अशी २०२४ सारखी वर्षं किती येतील त्यावर सगळं.

एक साधा हिशोब प्रत्येकाने भिंतीवर लिहून ठेवावा. मे चा भाव १००० असेल आणि ३० टक्के घट धरली तर नुसती बरोबरी व्हायला १,४३० भाव लागतो. वर मजुरी, बारदान, अडकलेल्या पैशाचं व्याज धरलं की १,५५०. म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत भाव दीडपट झाला तर तुमची बरोबरी, फायदा त्याच्या पुढे. पण जूनअखेरपर्यंत घट १० टक्क्यांच्या आसपासच असते, तेव्हा ११००-१२०० ला पण सुटतो. खरी घट पाऊस सुरू झाल्यावर, हवा दमट झाली की. म्हणून पहिला लॉट जूनमधे काढायचाच, भाव आवडो न आवडो. मला हे कळायला दोन वर्षं लागली.

आता ज्यासाठी हे एवढं लिहायला बसलो ते. चाळ कोणाला परवडते हे विचारताना लोक एकरी उत्पादन विचारतात, तो प्रश्नच नाहीये. आमच्या घरातच तीन साईझचे शेतकरी आहेत म्हणून मला हे समोर दिसतं. काकांना २० गुंठे कांदा. मला अडीच एकर. मामांना १४ एकर.

कांदा पिकवायला सगळ्यात स्वस्त कोणाला पडतो? लोकांना वाटतं मामांना. उलटं आहे. माझा एकरी खर्च गेल्या वर्षी साधारण ७१ हजार आला, जमिनीचं भाडं आणि आमची घरची मजुरी न धरता. हजारात सांगायचं तर नांगरट-रोटर ५, बी आणि रोप साडेसात, लागवड उक्ती (ठेक्याने) १३, खतं १०, फवारण्या साडेआठ, तणनाशक आणि निंदणी ६, पाणी-वीज ३, काढणी उक्ती १४, शेतातून चाळीपर्यंत ४. क्विंटलला ६४५ पडतात. मामांचा एकरी ८५ हजार जातो, कारण त्यांच्याकडे प्रत्येक रोप भाड्याच्या हाताने लागतं. टोळी बाहेरून आणायची, आधी उचल द्यायची, राहायची सोय, किराणा, आणि १४ एकर एकदम लागणीला येतं तेव्हा टोळीवाला म्हणेल तो रेट. कांदा हे काही सोयाबीन नाही की मशीन फिरवली आणि झालं, एक एक रोप वाकून लावायचं आणि एक एक कांदा वाकून उपटायचा. एकर वाढले म्हणून पाठ कमी वाकत नाही. लागवडीची मशीन आणून बघितली मामांनी एकदा भाड्याने, रोपं आडवी पडली, दोन दिवसात परत केली.

आणि काका? त्यांचा रोख खर्च एकरी बघितला तर ४० हजाराच्या आत बसतो, २० गुंठ्याला २० हजाराच्या खालीच. लागवड सावडीने, आज आमच्याकडे उद्या तुमच्याकडे. निंदणी काका-काकू. फवारणी पाठीवरच्या पंपाने. रोप घरच्या बियाण्याचं, डेंगळे राखून काढलेलं. काकांचा कांदा बघा, चपटा नाही, जोड नाही, पत्ती घट्ट, कारण काकू एकेक वाफ्यात बसून बघते. मामांच्या १४ एकरात कोण बसणार.

पण पिकवून झाल्यावर सगळं उलटं होतं. काकांचे ५०-५५ क्विंटल. छोटा हत्ती (छोटा टेम्पो) सांगायचा, १० क्विंटल बसतात, मार्केटपर्यंत ९०० रुपये, क्विंटलला ९०. मी ट्रॅक्टर-ट्रॉली सांगतो, २५ क्विंटल, १२०० भाडं, क्विंटलला ४८. मामांची स्वतःची ट्रॉली, ४०० चं डिझेल, १६ रुपये. इथेच ७४ रुपयाचा फरक पडला, अजून लिलाव व्हायचाय. मग लिलावात. लासलगावला ट्रॉल्यांच्या रांगेत छोटा हत्ती उभा असला की व्यापारी येतो, एक मूठ उचलतो, सगळा एकत्र माल आहे, बारीक-मोठा, बोली झाली आणि पुढे. मामा तीन प्रतवाऱ्या करून वेगवेगळ्या ट्रॉल्या नेतात, मोठ्या गोळ्याला वरचा भाव घेतात, गोल्टी वेगळी. काकांनी १० क्विंटलात काय प्रतवारी करायची. आणि वांधा निघाला तर मामा भांडतात, ट्रॉली परत घेऊन जाईन म्हणतात, जाऊ पण शकतात. काकांचा हत्तीवाला मागे उभा राहून हॉर्न वाजवतोय, दुसरी फेरी आहे त्याची.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे थांबणं. मार्चअखेर सोसायटीचं नवं-जुनं (जुनं पीककर्ज भरून नवं उचलणं) करायचं असतं, नाहीतर बिनव्याजी सवलत जाते. जूनमधे बी-बियाणं, शाळेच्या फिया. काकांचा कांदा एप्रिलमधे निघतो आणि मे संपायच्या आत विकलेला असतो, भाव ७०० असो का १३००. काका भाव बघत नाहीत, तारीख बघतात. म्हणून काकांना कोणी म्हणतं की अनुदान आहे, २५ टनी चाळ करून टाका, तेव्हा माझं डोकं फिरतं. साडेपाच टन कांद्याला २५ टनाची चाळ? आणि जरी ५ टनी केली, अनुदान ५ टनापासून मिळतं, तरी चाळीत कांदा ठेवायचा म्हणजे चार महिने दुसरीकडून घर चालवायचं, ते कुठून.

२०२४ ला एक प्रयोग केला. माझी चाळ पूर्ण भरत नाही म्हणून काकांना म्हटलं तुमचे २० क्विंटल माझ्या कोपऱ्यात ठेवा, मधे बारदानाचा पडदा लावू. ठेवले. जून संपता संपता एका रात्री जेवणानंतर काका आले, बसले, पाणी प्यायले, इकडचं तिकडचं बोलले, मग म्हणाले, "उद्या काढू का रे आपला तेवढा, पोरीचं अ‍ॅडमिशन आहे." माझाही पहिला लॉट निघायचाच होता, एकाच ट्रॉलीत घातला. २० चे १८ भरले, २५०० ने गेले, ४५ हजार. मे मधे १२५० ने २५ झाले असते. काकू दुसऱ्या दिवशी पुरणपोळ्या घेऊन आली. मी मनात म्हटलं हाच मार्ग आहे, चार घरांनी मिळून एक चाळ करावी. मग २०२५ ला परत ठेवले, आणि पडद्याच्या बाजूने सड लागली, आता ती माझ्याकडून तिकडे गेली का तिकडून माझ्याकडे आली यावर आमच्या आईचं आणि काकूचं पंधरा दिवस बोलणं बंद होतं. कुजका कांदा सातबारा बघत नाही. भागीत चाळ करायची असेल तर मधे नुसता पडदा नको, फूटभर मोकळी जागा सोडून दोन्ही बाजूला जाळी पाहिजे, म्हणजे कप्पा वेगळा. हे मी अनुभवाने सांगतोय, फॅब्रिकेटर सांगणार नाही कारण त्याला अँगल जास्त लागतो.

मामांच्या सहा चाळी आहेत. ते मला एकदा म्हणाले की मी भाव धरायला चाळ वापरत नाही, मी आठवड्याला तीन ट्रॉल्या काढतो, पाच महिने काढतो, वर्षाची जी सरासरी असेल ती मला मिळते. मला हे ऐकून कळलं की मी चार वर्षं जुगार खेळत होतो आणि मामा धंदा करत होते. अर्थात २०२५ मधे सरासरीच आडवी पडली तर काय करणार, दिवाळीला गेलो तर म्हणाले तुझे लाख गेले ना, माझं विचारूच नको. त्यात सरकारी मदतीला पण मर्यादा असते, २०२३ च्या पडझडीनंतर राज्य सरकारने क्विंटलला ३५० रुपये दिले ते २०० क्विंटलपर्यंतच, फेब्रुवारी-मार्चमधे विकलेल्या लाल कांद्याला. काकांच्या साईझच्या माणसाचे सगळे बसले, मामांच्या साईझच्याला समुद्रात खसखस. त्या फेब्रुवारीत सोलापूरला एका शेतकऱ्याच्या ५१२ किलो कांद्याची पट्टी २ रुपये निघाली होती, पेपरात फोटो आला होता चेकचा. ५१२ किलो, म्हणजे काकांच्या साईझचाच माल, गाडीभाडं-हमाली-तोलाई वजा जाऊन २ रुपये. मोठ्या ट्रॉलीचं असं होत नाही, तिचं भाडं तरी पसरतं.

तर घ्यावी का? माझं मत. दीड-दोन एकरापासून पाच एकरापर्यंत उन्हाळ कांदा असेल, आणि घरात कांद्याशिवाय दुसरा पैसा येत असेल, दूध, नोकरी, द्राक्ष, काहीही, तर घ्या. दुसरा पैसा नसेल तर चाळ तुम्हाला जूनमधेच उघडावी लागणारे. एकराच्या आत असाल तर बांबूची ५ टनी, तीही दोघा-तिघांत, वेगळे कप्पे करून. आणि १० एकराच्या वर असाल तर मला काय विचारता, मामांना विचारा. फक्त लाल कांदा किंवा रांगडा करत असाल तर अजिबात नको, तो उन्हाळ कांद्यासारखा थांबत नाही.

आणि चाळ काहीही चांगली असली तरी शेतात जे झालं तेच चाळीत येतं. काढणीच्या आधी दहा-पंधरा दिवस पाणी बंद. काढल्यावर पातीसकट तीन-चार दिवस असा वाळवायचा की पुढच्या कांद्याची पात मागच्याच्या अंगावर येईल, नाहीतर उन्हाने भाजतो. मग इंचभर मान ठेवून कापायचा, एकदम बुडातून नाही, मजूर घाईत असले की बुडातून कापतात, उक्त्यात हाच त्रास. मग सावलीत दहा-बारा दिवस, आणि मगच चाळ. आई प्रत्येक टोपली भरताना हात घालून कांदे एकमेकांवर वाजवते, कोरडा खडखड आवाज आला तर आत, थप्प आवाज आला तर विक्रीला. २०२४ ला मी हा आवाजाचा प्रकार पूर्ण तिच्यावर सोपवला होता, घट २४ टक्के. बाकीच्या वर्षी मी घाई केली.

स्टार द्यायचे तर चाळ या वस्तूला साडेतीन, बनवणाऱ्याला दोन, ते दोन पण यासाठी की गेल्या वर्षीच्या वादळात शेजारच्या दोघांचे पत्रे उडाले, माझे हलले नाहीत.

परवा त्याचाच फोन आला होता, म्हणे अनुदान वाढलंय, दुसरी टाकू का शेजारीच. मी म्हटलं दुसरी राहू दे, पहिलीची वळचण दीड फूट वाढवून आणि तळाला बांबू टाकून देतो का ते सांग. अठरा हजार म्हणाला. यंदा मी १५० क्विंटलच भरणार आहे, बाकीचा मे मधेच सोडून देणार, त्यामुळे एक बाजू बरीचशी रिकामी राहील, तोपर्यंत काम करून घेतो. झालं की इथेच फोटो टाकेन.